मीठ महाग होतं तेव्हा

खारा बांगडा म्हटलं की काहींच्या तोंडाला पाणी सुटतं, काहींचा रुमाल नाकाला जातो. मला मात्र हल्ली मिठावरचा कर आठवतो. का ते सांगतो.

मासा मेला की जंतू कामाला लागतात. त्यांना ओल हवी. मीठ ती ओल माशातून ओढून काढतं आणि उरलेल्या पाण्यातही त्यांना वाढू देत नाही. पण त्यासाठी मीठ सढळ हाताने लावावं लागतं. चिमूटभर मिठाने चव येईल, मासा टिकणार नाही.

इंग्रजी अमलात मिठावर जबर कर होता. स्वस्त माशाला महाग मीठ कोण लावणार? फ्रान्सिस डे या डॉक्टरने भारताच्या मासेमारीवर १८७३ साली अहवाल लिहिला, त्यात हे दुखणं आहे. मीठ परवडत नाही म्हणून कुठे कमी मिठात, तर कुठे चक्क खारट मातीत मासे मुरवत. असा मासा लवकर सडणार आणि तो खाणार गरीबच!

खारवणाऱ्यांना स्वस्त मीठ द्या, असं डेचं म्हणणं होतं. पुढे मद्रास आणि मुंबई इलाख्यात सरकारी देखरेखीखाली मासे खारवायची आवारं निघाली. मीठ तिथेच घ्यायचं, तिथेच वापरायचं.

असो. १९३०च्या दांडीयात्रेबद्दल वाचताना आपल्याला ताटातलं मीठ दिसतं. कोळणीच्या टोपलीतलंही त्यात होतं, हे आपण विसरतो. तिला खारवण्याची विद्या येतच होती, अडलं होतं ते मिठापाशी.