नागसेनवन आणि ‘अस्मिता’ : एका महाविद्यालयीन परिसराचा वाङ्मयीन इतिहास

दलित साहित्याच्या उगमाची मीमांसा करताना मराठी समीक्षेची दृष्टी बहुधा मुंबईकडे वळते. १९५८ चे मुंबईतील दलित साहित्य संमेलन, साठोत्तरी लघुनियतकालिकांची चळवळ आणि १९७२ ची दलित पँथर असे टप्पे त्यात येतात. झोपडपट्टी, गिरणी आणि पदपथ ही त्याची भूमी मानली जाते. ही मांडणी चुकीची नाही. मात्र तिच्या मुळाशी एक गृहीत आहे : हे साहित्य म्हणजे अनुभवाचा उद्रेक होय आणि वाचन, वादविवाद, चिकित्सा या गोष्टी तेथे नंतर येतात. औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) नागसेनवनाचा इतिहास या गृहीताच्या आड येतो. म्हणूनच की काय, वाङ्मयेतिहासात त्याची बोळवण बहुधा एखाद्या तळटीपेत होते.

डॉ. आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना १९४५ मध्ये केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले आणि १९५० मध्ये संस्थेचे औरंगाबादचे महाविद्यालय उघडले. दुसऱ्या वर्षी, १ सप्टेंबर १९५१ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. मराठवाड्यात प्राथमिक इयत्तांपलीकडे उर्दूचे वर्चस्व होते, उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दूच राहिले होते आणि अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचा कारभार मौलवी अब्दुल हक यांनी अनेक वर्षे याच शहरातून चालवला होता. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते १९५८ मध्ये. तोवर नागसेनवनातला विद्यार्थी उस्मानियाच्याच परीक्षा देत होता. खेड्यातून आलेल्या अस्पृश्य मुलाला येथे केवळ सवर्णांच्या मराठीला सामोरे जावे लागत नव्हते. राज्यकर्त्यांची भाषा डोळ्यांदेखत बदलत होती आणि त्या सांध्यावर तो उभा होता. या प्रदेशात ‘प्रमाण मराठी’ ही कोणाचीच निर्वेध वारसाहक्काची मालमत्ता नव्हती. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांशी तुलना करताना या फरकाची दखल क्वचितच घेतली गेली आहे.

संस्थेला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि परिसर ‘नागसेनवन’ झाला. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. संवाद सुरू होण्यापूर्वी नागसेन एक अट घालतो : पंडितांच्या रीतीने वाद होणार असेल तर बोलू, राजांच्या रीतीने असेल तर नाही. पंडितांच्या वादात खंडन होते, चूक कबूल केली जाते आणि त्याबद्दल कोणी रागावत नाही. राजांच्या वादात विरोध करणाराला दंड होतो. ज्यांच्या पूर्वजांना वादाचा अधिकारच नव्हता त्यांच्या शिक्षणसंस्थेसाठी याहून समर्पक नाव सुचणे कठीण होते.

परंतु या नामकरणात एक पेच दडलेला आहे. त्याच ग्रंथात नागसेन रथाचा दृष्टान्त देतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही रथ नव्हे. तसेच ‘नागसेन’ हेही केवळ व्यवहाराचे नाव, त्यामागे कोणी स्थिर ‘मी’ सापडत नाही. आणि याच परिसरातून १९६७ मध्ये गंगाधर पानतावणे यांनी जे नियतकालिक काढले त्याचे नाव होते ‘अस्मिता’! पातंजल योगसूत्रांत अस्मिता ही पाच क्लेशांपैकी एक आहे आणि बौद्ध विचारात ‘अस्मिमान’ हे तोडावयाचे बंधन आहे. आधुनिक भारतीय भाषांत मात्र, विशेषतः कन्हैयालाल मुनशींच्या गुजराती लेखनापासून, या शब्दाला प्रादेशिक अभिमानाची झळाळी आली. नागसेनवनाने हा शब्द उचलला तेव्हा त्याचा अर्थ पुन्हा बदलला. येथे अस्मिता म्हणजे मिरवावयाचा वारसा नव्हता. ज्यांना माणूस म्हणून ‘आहे’ असे म्हणण्याची मुभाच नव्हती, त्यांचे ते पहिले ‘मी आहे’ होते. ‘मी’ नाकारण्याची चैन त्यालाच परवडते ज्याच्यापाशी तो आधी असतो. पुढे नियतकालिकाचे नाव ‘अस्मितादर्श’ झाले. संस्कृतात ‘आदर्श’ म्हणजे आरसाही. अस्मिता नुसती घोषित न करता तिच्याकडे न्याहाळून पाहावे, असा अर्थ त्या जोडशब्दातून निघू शकतो. तो संपादकाला अभिप्रेत होता किंवा नव्हता, अंकांतून चाललेल्या वादचर्चा मात्र त्याला पोषक आहेत.

हा ‘मी’ प्रथम घडला तो वर्गात, वसतिगृहात आणि प्रवेश-अर्जाच्या रकान्यात. १९५६ च्या धर्मांतरानंतर ‘धर्म’ आणि ‘जात’ हे दोन रकाने या विद्यार्थ्यांपुढे प्रश्न म्हणून उभे राहिले. ‘बौद्ध’ लिहिले तर केंद्राच्या दृष्टीने तो अनुसूचित जातीचा उरत नसे. जुनी जात लिहिली तर दीक्षेच्या प्रतिज्ञांशी प्रतारणा होई. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या पातळीवर बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. साहित्याच्या अभ्यासकाने या कागदाकडे तुच्छतेने पाहू नये. पुढच्या आत्मकथनांतून ‘मी कोण’ हा जो प्रश्न पुनःपुन्हा येतो, त्याचे एक पूर्वरूप या अर्जात आहे. आणि तो आध्यात्मिक नाही, शिष्यवृत्तीशी, म्हणजे दोन वेळच्या जेवणाशी बांधलेला आहे.

प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक या परिसराचे पहिले ठळक वाङ्मयीन अपत्य. शूद्रातिशूद्रांवरील अन्यायाचा युगायुगांचा प्रवास मांडणारे हे नाटक पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास महाविद्यालयाच्या रंगमंचावर आले. त्याची नाट्यदृष्ट्या चिकित्सा करू गेल्यास प्रसंगांची सैल जुळणी आणि भाषणवजा संवाद हे दोष सहज दाखवता येतील. पण विद्यार्थी आपल्याच पूर्वजांची भूमिका करीत आहेत आणि समोर त्याच पूर्वजांचे वंशज बसले आहेत, ही नाट्यस्थिती मराठी रंगभूमीला नवी होती. तीत कलाकार आणि प्रेक्षक यांच्यातले नेहमीचे अंतरच शिल्लक राहत नव्हते.

साठच्या दशकात अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन आलेले म. ना. वानखेडे प्राचार्यपदी आले आणि निग्रो साहित्याची (तेव्हाचा शब्द हाच) चर्चा येथे सुरू झाली. पँथरच्या नावामुळे अमेरिकन कृष्णवर्णीयांशी असलेले नाते सर्वांना ठाऊक झाले, पण ते त्याआधी काही वर्षे एका मराठवाडी महाविद्यालयात जुळू लागले होते, हे सहसा सांगितले जात नाही. ते ग्रंथांच्या आणि व्याख्यानांच्या वाटेने आले. येथे आधी वाचक तयार झाला, मग लेखक.

अर्थात या वाचनाची किंमतही होती. महाविद्यालयातला लेख, परीक्षेतला निबंध, संमेलनातले भाषण यांची मराठी आणि घरची बोली यांत दरी पडली. प्र. ई. सोनकांबळे या दरीचे बोलके उदाहरण. उदगीर परिसरातून शिकण्यासाठी मिलिंदमध्ये आलेल्या आणि पुढे नागसेनवनातच अध्यापन केलेल्या या लेखकाने ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) लिहिताना इंग्रजीच्या अध्यापकाची भाषा बाजूला ठेवली आणि बहिणीच्या घरी पोरकेपणाने वाढलेल्या मुलाची बोली वापरली. ही निरागसता नव्हे. विद्येच्या परिसरात स्थिरावलेल्या माणसाने जाणीवपूर्वक केलेली ती भाषिक निवड आहे. काही समीक्षकांनी तिला ‘अकृत्रिम’ म्हणून गौरवले, तेव्हा नकळत ते नागसेनवनच पुसून टाकत होते.

या इतिहासातला ‘विद्यार्थी’ जवळजवळ सर्वत्र पुरुष आहे, हेही नोंदवावयास हवे. कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’मध्ये (१९८१) नागपुरात संस्कृत शिकणारी दलित मुलगी येते ती एकटीच, तिच्यामागे ना वसतिगृहाचा समूह आहे, ना स्वतःचे नियतकालिक. दोन परिसरांतील आत्मभानाचा हा फरक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

२७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने संमत केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. विद्यार्थी दोन्ही बाजूंना होते. नागसेनवनातल्या वादात चूक कबूल केली तरी दंड नव्हता. आता केवळ एका नावाच्या मागणीसाठी खेड्यातल्या ज्यांना दंड भोगावा लागला त्यांतील अनेकांनी विद्यापीठाची पायरीही चढलेली नव्हती. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव आले. तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी लोक जमतात. गावोगावहून आलेली कुटुंबे द्वारासमोर माथा नमवतात आणि परतताना तेथे मांडलेल्या दुकानांतून पुस्तके विकत घेतात.