चुकलात तरी सम गाठा: विद्यार्थ्यांच्या जलशांची गोष्ट

आजचा भाग त्यांच्यासाठी, ज्यांना क्लासमध्ये मस्त गाता येतं, पण समोर चार माणसं बसली की घसा कोरडा पडतो. आणि त्यांच्यासाठीही, ज्यांच्या फोनमध्ये एकाच गाण्याचे सतरा टेक पडून आहेत आणि पोस्ट एकही झालेला नाही.

तर चला, मिरजेला जाऊ. काळ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचा. कुरुंदवाडचा एक मुलगा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकतोय. लहानपणी फटाक्याच्या दारूने त्याचे डोळे अधू झाले, शाळा सुटली, आणि म्हणून तो गाण्याकडे वळला. हाच पुढचा विष्णु दिगंबर पलुस्कर, जन्म 1872.

तेव्हा शिकणं कसं असायचं? गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं, पहाटे उठून रियाझ करायचा. लोकांसमोर कधी गायचं, ते गुरू ठरवणार. तोवर शिष्याची जागा मैफलीत गुरूच्या मागे, हातात तंबोरा.

आता ही जागा दुय्यम वाटते ना? पण थोडं थांबा. मागे बसलेल्या शिष्याला सगळं दिसतं. श्रोते कुठे डोलतात, कुठे चुळबुळ करतात, गुरू बिघडलेला सूर कसा सावरतो. मध्येच गुरू श्वास घ्यायला थांबतो आणि शिष्याने एक आलाप उचलायचा असतो. दहा सेकंदांचाच, पण लोकांसमोर. स्टेजची भीती मोडायची ही जुनी पद्धत.

अडचण एवढीच, की ही संधी फार थोड्यांना मिळायची. शिवाय गवयाला समाजात मान कमी. असं सांगतात, की मिरजेत एका समारंभाचं आमंत्रण विष्णूला आलं, पण त्याच्या गुरूंना आलं नाही. कारण काय, तर ते नुसते गवई! हे त्याच्या मनाला फार लागलं. 1896 मध्ये त्याने मिरज सोडली. सौराष्ट्रात त्याने तिकीट लावून जाहीर गाणं केलं. राजाची मर्जी नको, ज्याला ऐकायचंय त्याने तिकीट काढून यावं.

मग 5 मे 1901. शहर लाहोर. पलुस्करांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. वर्ग, अभ्यासक्रम, छापलेली पुस्तकं, परीक्षा, म्हणजे शाळेसारखी शाळा. काही मुलं तिथेच राहून वर्षानुवर्षं शिकायची आणि पुढे शिक्षक व्हायची. विनायकराव पटवर्धन मिरजेहून लहान वयातच तिकडे गेले.

आणि या शाळेचा एक मोठा भाग होता जलसे. विद्यार्थ्यांना घेऊन पलुस्कर जाहीर कार्यक्रम करायचे. त्यातून संस्थेला पैसा मिळायचा हे खरंच. चांगल्या घरातली माणसं समोर येऊन बसायची, आपल्या मुलांनाही शिकवावं असं त्यांना वाटायचं. पण मुलांच्या बाजूने बघा. एरवी ज्याच्या वाट्याला मैफल आलीच नसती, असा साधा विद्यार्थीसुद्धा लोकांसमोर उभा राहायला लागला. आधी सगळ्यांबरोबर प्रार्थना म्हणायची, मग पुढे कधीतरी एकट्याने एखादी छोटी चीज.

यात नेमकं शिकायला काय मिळतं? खोलीत चुकलात की गुरुजी थांबवतात, पुन्हा पहिल्यापासून. स्टेजवर तबला थांबत नाही. तान फसली, शब्द विसरला, तरी ठेका चालूच. तुम्हाला पुढची सम गाठायचीच असते. एकदा चुकून, सावरून समेवर आलात, आणि समोरच्या काकांनी मान डोलावली, की आतली भीती थोडी कमी होते. आत्मविश्वास म्हणजे ‘मी चुकणार नाही’ असं वाटणं नव्हे. ‘चुकलो तरी परत येईन’ हे माहीत असणं. आणि ते घरात बसून कळत नाही.

पलुस्करांच्या शिष्यांची नावं ऐका: ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर. कर्जापायी मुंबईची वास्तू हातातून गेली, 1931 मध्ये बुवाही गेले, तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय फक्त दहा वर्षांचा होता. त्याला विनायकराव आणि नारायणराव यांनी घडवलं. 1935 मध्ये, चौदाव्या वर्षी, तो जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात गायला. ज्या पंजाबात वडिलांचं एवढं नाव, तिथेच मुलाची पहिली मोठी परीक्षा! हेच आपले डी. व्ही. पलुस्कर.

पण गोष्टीला दुसरी बाजूही आहे. 1936 मध्ये मुंबईच्या जिना हॉलमध्ये एक जेमतेम बारा वर्षांचा मुलगा गायला आणि हॉल थक्क झाला. शिवपुत्र कोमकली, म्हणजे कुमार गंधर्व. मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून तो हुबेहूब गायचा. स्टेजची भीती? अजिबात नाही. टाळ्या? भरपूर. आणि त्याच वर्षी हा मुलगा देवधरांच्या शाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाला. का? कारण नक्कल करता येणं वेगळं आणि राग कळणं वेगळं. देवधरांनी त्याला बारकाईने शिकवलं, इतर गायक ऐकवले. त्या नकलेतून पुढे कुमारजींचं स्वतःचं गाणं उभं राहिलं.

म्हणजे स्टेज आणि वर्ग, दोन्ही लागतात. नुसता वर्ग असेल तर मुलगा खोलीतच अडकतो. नुसतं स्टेज असेल तर तो टाळ्यांत अडकतो. मुलांना जलशात उभं करणाऱ्या शिक्षकाचं खरं काम हे, की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तंबोरा लावायचा आणि म्हणायचं, ‘काल तिसऱ्या आवर्तनात काय झालं, बघू.’

तेव्हा पुढच्या वेळी क्लासचा वार्षिक कार्यक्रम आला, की पोटदुखीचं कारण सांगू नका. पाच मिनिटांची चीज घ्या आणि बसा. रीटेक नाही, एडिट नाही. चुकाल बहुतेक. चालेल. सम पुन्हा येतेच.

भेटू पुढच्या भागात!