पेव फुटलं म्हणजे नेमकं काय फुटलं?

'गावात कॅफेंचं पेव फुटलंय' असं आपण सहज म्हणतो. पण पेव पाहिलंय कुणी? मीही नव्हतं पाहिलं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घाबरून पन्नास किलो गहू घेतला, त्याला सोंडे लागले, आणि आजोबांना फोन केला तेव्हा विषय निघाला.

पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली रांजणासारखं पोट. आत कडेनं काड-कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर फरशी ठेवून माती लिंपायची. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये धान्याचे भाव आभाळाला भिडले, आणि तेव्हाही देशातून धान्य बाहेर जातच होतं. अशा वेळी आधार घरच्या साठ्याचा. अर्थात ज्याला शेतच नाही, तो पेवात काय भरणार?

आता गंमत बघा. बंद पेवात दाणे आणि किडे श्वास घेत राहतात. ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे मरतात. औषध नाही, पावडर नाही. आज हवाबंद पिशव्या विकतात, त्यांचं तत्त्व हेच.

पण जी हवा किड्यांना मारते, ती माणसालाही सोडत नाही. म्हणून पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. तोंड बराच वेळ मोकळं ठेवायचं, मग दोरीनं कंदील खाली सोडायचा. विझला तर थांबायचं. आजोबा म्हणाले, "घाई केलेली माणसं परत वर आली नाहीत."

दुसरा शत्रू पाणी. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवं प्रसिद्ध होती. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच खराब झाली.

माझ्या गव्हाचं काय झालं? शेजारच्या काकांनी धान्यात टाकायच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. पाकिटावर वाचलं, ॲल्युमिनियम फॉस्फाइड. दमट हवेत त्यातून फॉस्फिन वायू निघतो, आणि बंद फ्लॅटमध्ये झोपलेल्यांचा जीव जाऊ शकतो. आजोबा फोनवरच ओरडले, "अरे, तिथं कंदील कोण सोडणार?"

गोळ्या न उघडता परत दिल्या. गहू चाळला, उन्हात वाळवला, पूर्ण गार होऊ दिला (गरम भरला तर आत घाम सुटतो) आणि घट्ट झाकणाच्या डब्यात गळ्यापर्यंत भरला. दिवाळीच्या सुमारास उघडला, तेव्हा एकही सोंडा नव्हता. कंदील मात्र नव्हता, म्हणून आईनं गमतीनं मोबाइलचा टॉर्च आत मारून पाहिला.