दिवसा राम, रात्री कृष्ण

‘चिहायाफुरू’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका पाहताना तुमचाही हात उचलला जातो, हे कबूल करा. वाचणाऱ्याच्या तोंडून कवितेचं पहिलं अक्षर निघतं न निघतं तोच चिहाया झेपावते, तातामीवर फाडकन थाप बसते आणि पान भिंतीकडं उडतं. शंभर जुन्या जपानी कविता, चटईवर त्यांतली पन्नासच पानं, आणि कुठलं कुठं आहे ते डोक्यात बसवायला पंधरा मिनिटं. हात शिवशिवतोय? तसाच राहू द्या. उज्जैनच्या फ्रीगंजातल्या खोलीतून उठा आणि महाकालाच्या दिशेनं चालू लागा. चालता चालता सव्वादोनशे वर्षं मागं या.

वैशाखातली दुपार आहे. धूळ इतकी तापलीय की तुम्ही भिंतीच्या सावलीला चिकटून चालताय. अंगावर बैलगाडी येते, मागून उंटाचा घोगरा हुंकार, कुणाच्या तरी डोक्यावरच्या पाटीतून बेलाची पानं तुमच्या खांद्यावर सांडतात. वाटलेल्या भांगेचा हिरवा, ओला वास. घामाचा, शेणाचा, झेंडूचा वास. शिंद्यांची राजधानी अजून ग्वाल्हेरला गेलेली नाही. गल्लीत मराठी आणि माळवी एकमेकींच्या अंगावरून जातात. गोपाळ मंदिर शोधू नका, बायजाबाई ते पुढं बांधतील. महाकालाचं देऊळ मात्र आहे, राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी नव्यानं उभं केलेलं.

या दिंडी दरवाजातून आत या. डोकं सांभाळा.

वाड्याच्या ओसरीवर वाळ्याचे पडदे सोडलेत आणि पोरगा त्यांवर पाणी शिंपडतोय. उन्हातून आलेल्या तुमच्या छातीत तो गार, मातकट वास भरतो. हातात कैरीचं पन्हं येतं. “बसा हो पाहुणे, तिसरा गडी हवाच होता,” आबा म्हणतात. समोर पांढरी चादर, पलीकडं आत्याबाई. त्या लाकडी डबीचं झाकण सरकवतात आणि गंजिफा चादरीवर खुळखुळत सांडतो.

एक पान उचला ना! गोल आहे, त्याला कोपराच नाही. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवून, घोटून, वर लाख चढवलेली. बोटाला काचेसारखं गुळगुळीत लागतं. इवल्याशा वर्तुळात मासा, कासव, परशू. दहा अवतार म्हणजे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. एकूण १२०. तिघांत वाटली की तुमच्या वाट्याला ४०, आणि घामेजल्या हातात ४० गोल पानांचा पंखा धरणं काय असतं ते आता तुम्हाला कळतंय. दोन निसटली. आत्याबाई हसू दाबत नाहीत.

सूर्य वर आहे, म्हणून रामाचा राजा ज्याच्याकडं त्याची पहिली उतारी. तो आबांकडं आहे. पानं पडू लागतात. तुम्ही परशुरामाची दश्शी मोठ्या प्रेमानं जपून ठेवलीय. टाकून द्या, ती त्या रंगातलं सगळ्यांत हलकं पान आहे. मत्स्यापासून वामनापर्यंत दश्शी वजनदार, परशुरामापासून कल्कीपर्यंत उलटं, तिथं राजा-प्रधानानंतर एक्क्याचा मान. गोंधळलात? सगळेच गोंधळतात. खरी मेख तर पुढं आहे. रंगातलं उरलेलं सर्वांत वरचं पान म्हणजे हुकूम. राजा गेला की प्रधान हुकूम, प्रधान गेला की त्याखालचं. काय काय गेलं हे सांगायला कुणी नाही. जिंकलेले हात पालथे पडलेत. लक्षात ठेवायचं.

तुम्हाला हे ओळखीचं वाटतंय, आणि ते खरंच ओळखीचं आहे. चिहायाच्या खेळातही असंच होतं. एकसारख्या सुरुवातीच्या दोन कविता असल्या की पुढच्या अक्षरापर्यंत थांबावं लागतं. त्यांतली एक वाचून झाली की दुसरीला आधीच्याच अक्षरावर हात मारता येतो. गेलेलं पान उरलेल्याची किंमत बदलून जातं. जपानमधल्या ओमी जिंगूच्या देवळात करुताचे, म्हणजे चिहायाच्या याच खेळाचे, मानाचे सामने होतात, तिथले खेळाडू आणि आत्याबाई एका चादरीवर बसल्या असत्या, तर भाषेवाचून त्यांचं नक्की जमलं असतं. मला तर या दोन खेळांत हीच गोष्ट सगळ्यांत सुंदर वाटते.

तुम्ही कूर्माची नव्वी टाकता, हुकूम आहे अशा खात्रीनं. आत्याबाई काही न बोलता कूर्माची दश्शी वर ठेवतात. “पाहुणे, दश्शी पडलीच नव्हती!” पडद्याआड पाणी शिंपडणारा पोरगासुद्धा खिदळतो. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

डाव संपतो. कपाळावरचा घाम वाळलाय. पडदे वर गुंडाळतात आणि क्षिप्रेकडून वारा येतो. माळव्याच्या रात्रीची कीर्ती उगाच नाही. महाकालाकडून घंटा, नगारे. समया पेटतात, कुणीतरी विडे आणून ठेवतं, शेजारचे दोघे बघायला ओसरीच्या पायरीवर टेकतात. पानं पुन्हा पिसली जातात, पुन्हा वाटली जातात. आता दिवे लागलेत, म्हणजे रामाचा मान कृष्णाकडं गेला.

तुम्ही पंखा उघडता. या वेळी एकही पान निसटत नाही.

“कृष्णाचा राजा कुणाकडं?” आबा विचारतात.

तो तुमच्याकडं आहे. करा उतारी.