दहा हजार वर्षे आणि एक रात्र

आचार्य अत्र्यांना ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ याहून कमी काही चालत नसे. १९५६ साली ‘मराठा’ दैनिक निघाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची अतिशयोक्ती घरोघर पोचली. स. का. पाटील तरी कुठे मागे होते? पाच हजार वर्षे मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असे त्यांनी १९५५ साली चौपाटीवर बजावले. मिळाली ती १ मे १९६० रोजी, साडेचार वर्षांत! लोक हसले. ही अतिशयोक्ती आहे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक होते.

जानेवारी १९९३ मध्ये आमच्या मानखुर्दला मात्र कुणी हसले नाही. खाडीतून होड्या येणार, शस्त्रे उतरणार, अशी आवई उठली. ही वस्ती म्हणे ‘ते’ येणार, ती वस्तीही म्हणे ‘ते’ येणार. दोन्हीकडे माणसे काठ्या घेऊन जागली. पहाटे ओहोटी लागली, तेव्हा खाडीत नुसता चिखल होता.

त्या दोन महिन्यांच्या दंगलींत मुंबईत ९०० माणसे मात्र खरोखर गेली. वृत्तपत्रांतल्या चिथावणीखोर लिखाणाचा वाटा श्रीकृष्ण आयोगाने आपल्या अहवालात नोंदवला.

मी कवी आहे. कवितेत चंद्र अंगणात उतरवला, तर कुणाचे घर जळत नाही. बातमीत उतरवला, तर जळते. म्हणून हल्ली मी सांगणाऱ्याला एवढेच विचारतो, ‘तुम्ही स्वतः पाहिलंत का?’