ज्यांच्या हातात अक्षता नसतात

लग्नाच्या मांडवात पाचशे माणसे असली, तरी ज्याच्या हातात अक्षता नसतात असा एक असामी हमखास असतो. तो म्हणजे फोटोग्राफर. असे दोन-तीनशे असामी एका छताखाली जमलेले मी गेल्या वर्षी आपल्या नागपुरात पाहिले.

मेळावा आषाढी एकादशीनंतर भरला होता. देव झोपी गेले, मुहूर्त थांबले, की या मंडळींना सवड सापडते. माझा एक जुना विद्यार्थी याच धंद्यात आहे. "चला ना जी सर, तुम्हाला लिहायला काहीतरी सापडेल," म्हणून तो मला ओढतच घेऊन गेला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कॅमेऱ्यातले मला ओ की ठो कळत नाही. दारातच एका गृहस्थांनी विचारले, "तुमचं काय? स्टिल की व्हिडिओ?" मी गोंधळून म्हणालो, "मराठी आणि इतिहास." त्यांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले आणि ते पुढच्या माणसाकडे वळले.

व्यासपीठावरचे वक्ते सांगत होते, आजकाल एका लग्नाचे तीन-चार हजार फोटो निघतात. मला मात्र आमच्या घरातला आजी-आजोबांचा एकुलता एक फोटो आठवत होता. आणि प्रश्न पडला : हा कॅमेरा मांडवात शिरला तरी कसा?

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची छायाचित्रणाची युक्ती जाहीर झाली. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत साहेबलोकांच्या बरोबरीने डॉ. भाऊ दाजी लाड होते, आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तर तिच्या कार्यकारी मंडळावर होते. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. १८५५ साली एल्फिन्स्टन विद्यालयात छायाचित्रणाचा वर्गही निघाला. म्हणजे फोटोवाल्यांच्या बैठकीत नवखेपणाने जाऊन बसणारा मी काही पहिला मराठी माणूस नव्हे!

पण त्या काळच्या कॅमेऱ्याला लग्नघटका पकडणे कठीण होते. काचेवर कलोडियनचे ओले लेपण द्यायचे, ते वाळायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच अंधाऱ्या तंबूत जाऊन काच धुवायची. समोरच्याने काही सेकंद पुतळ्यासारखे बसायचे. कपाळावरच्या मुंडावळ्या वाऱ्याने हलल्या तरी चित्र बिघडायचे. त्यातून आपले गोरज मुहूर्त म्हणजे ऐन उजेड जायची वेळ! १८७१ साली मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने कोरड्या काचेची रीत सुचवली, तेव्हा तंबूचे लोढणे सुटू लागले. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची झगमगाटी पूड निघाली आणि अंधारातही क्षणभर दिवस पाडता येऊ लागला.

उजेडाची अडचण मिटली, तरी माणसांच्या मनाची राहिलीच. फोटो काढला की आयुष्य कमी होते, असा समज तेव्हा घरोघर होता. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांनी फोटोग्राफीचा धंदा करून पाहिला, त्यांनाही या समजाचा ताप झाल्याचे त्यांच्या चरित्रात सांगतात. शिवाय घरची सून परक्या पुरुषासमोर बसायची कशी? यावर राजा दीनदयाळ यांनी तोड काढली. १८९२ साली त्यांनी निजामाच्या राज्यात केवळ स्त्रियांसाठी पडद्याआडचा स्टुडिओ उघडला आणि तो चालवायला एक इंग्रज बाई नेमली.

आमच्या घरचा फोटो १९४६ सालचा. मागे रंगवलेला राजवाडा, पुढे दोन खुर्च्या, आणि त्यांवर शाळेच्या साहेबांपुढे बसावे तसे ताठ बसलेले आजी-आजोबा. लहानपणी मी आजीला विचारले होते, "आजी, लग्नात तू हसली नाहीस?" ती म्हणाली, "तो लग्नाचा फोटो नाही रे बापू. लग्न लागलं तेव्हा अंधारलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना टांग्यात घालून सीताबर्डीला नेलं."

मग जरा थांबून म्हणाली, "आईला नेलं असतं तर बरं झालं असतं."

तिच्या आईचा, म्हणजे माझ्या पणजीचा, एकही फोटो नाही. मंगलाष्टके चालू असताना मुलीच्या आईने तिथे थांबायचे नाही, तुळशीला पाणी घालत बसायचे, ही आपल्याकडची रीत. पणजीने ती पाळली. दुसऱ्या दिवशी टांग्यात दोघांचीच जागा. पुढे चार वर्षांत ती गेली. आजी नव्वदीला टेकेपर्यंत जगली. शेवटी शेवटी म्हणायची, आईचा आवाज आठवतो, चेहरा आठवत नाही.

मेळाव्याच्या अखेरीस नवख्यांनी प्रश्न विचारावेत, असे पुकारले गेले. मी धीर करून उभा राहिलो. म्हणालो, "तुम्ही चार हजार फोटो काढता. लग्न लागत असताना मुलीच्या आईचा फोटो कोण काढतं?"

सभागृहात थोडी चुळबुळ झाली. कुणी म्हणाले, त्या वेळी सगळे कॅमेरे अंतरपाटावर असतात, तो क्षण चुकवून चालत नाही. तेही खरेच होते.

सभा उठल्यावर एक मुलगी जवळ आली. वर्ध्याकडची, पंचविशीची, गळ्यात कॅमेरा. "सर, मी काढते," एवढेच म्हणाली आणि कॅमेऱ्यामागची चौकट माझ्यापुढे धरली. परसातले वृंदावन, हातात तांब्या, पाण्याची धार केव्हाच संपलेली आणि मांडवाकडे कान लावून उभी असलेली एक बाई. तिच्याही हातात अक्षता नव्हत्या.

मी तो फोटो फार वेळ पाहत राहिलो. आजी हे पाहायला हवी होती.