शून्य खरें कीं खोटें?

फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० सालीं शाइस्तेखानाविरुद्ध झुंजविलेला किल्ला, एवढीच चाकणची ओळख ज्यांच्या मनांत आहे, त्यांस तेथील आजचा देखावा चकित करील. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली, १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि पुढें भोसरी, आकुर्डी, तळेगांव, चाकण असा कारखान्यांचा पट्टा पसरत गेला. या पट्ट्यांतील यंत्रें दिवसभर एकाच प्रकारचे प्रश्न विचारीत असतात. दार मिटलें काय? भाग जागेवर बसला काय? उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच. परंतु तारेला मराठी येत नाहीं. मग हें 'होय' तिनें कसें सांगावें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

जुन्या कारखान्यांत हें काम रिले करीत. रिले म्हणजे विद्युच्चुंबकानें उघडझांप होणारी कळ. तिचे काँटॅक्ट दोन जातींचे: एक स्वस्थ असतां उघडा, दुसरा स्वस्थ असतां मिटलेला. सामान्य माणूस म्हणेल कीं, धोक्याचें बटण दाबलें म्हणजे प्रवाह सुरू व्हावा. जाणता वायरमन नेमकें उलट करतो. त्याच्या रचनेंत प्रवाह अखंड वाहत असतो व बटण दाबतांच तुटतो. कारण उघड आहे. पहिल्या रचनेंत उंदरानें तार कुरतडली, तर बटण दाबूनही यंत्र थांबावयाचें नाहीं, आणि एखाद्याचा हात जावयाचा! दुसरींत तार तुटली तर यंत्र आपण होऊन थांबतें. 'सर्व ठीक आहे' हें सतत सांगत राहावें लागावें आणि मौनाचा अर्थ 'धोका' व्हावा, ही तत्त्वज्ञास शोभणारी योजना तारा जोडणाऱ्यांनीं केली.

खऱ्याखोट्याचें गणित जॉर्ज बूल या इंग्रजानें १८४७ व १८५४ सालच्या ग्रंथांत मांडलें. बूलचा आरंभींचा पेशा शाळामास्तरकीचा. त्याच्या गणितांत १ म्हणजे सर्व कांहीं, ० म्हणजे कांहीं नाहीं. त्याचा समकालीन डी मॉर्गन हा १८०६ सालीं आपल्याकडील मदुरेस जन्मला, हें सहसा कोणास ठाऊक नसतें. १९३७ सालीं अमेरिकेंत क्लॉड शॅनन यानें रिलेंचीं जाळीं बूलच्या गणितानें सोडवितां येतात, असें आपल्या प्रबंधांत दाखविलें. गंमत अशी कीं, त्यानें जुळलेल्या, म्हणजे वाहत्या, मंडलास ० दिलें आणि तुटलेल्यास १. कारण तो प्रवाह मोजीत नव्हता, अडथळा मोजीत होता. चिन्ह कोणतें घ्यावें हा माणसांमाणसांतला करार आहे, हें तेव्हांच दिसून आलें होतें.

१९६८ सालीं जनरल मोटर्सनें रिलेंच्या कपाटांऐवजीं आज्ञा बदलतां येणारें यंत्र मागितलें, व त्यांतून पी.एल.सी. निघाली. तिची आज्ञालिपि शिडीसारखी असते, आणि तींत रिलेचीं जुनीं चिन्हें तशींच राहिलीं आहेत. याच कंपनीचा तळेगांवचा कारखाना २००८ पासून २०२० पर्यंत चालला.

यंत्रांच्या नोंदी गोळा करण्याचें काम पुढें स्क्रिप्टकडे आलें. स्क्रिप्ट म्हणजे संगणकानें ओळीमागून ओळ वाचून पाळावयाच्या आज्ञा. या भाषांत एका शून्याच्या किती तऱ्हा! युनिक्सच्या शेलमध्यें काम फत्ते झालें म्हणजे ० येतें, आणि तेंच 'खरें'. कारण यश एकाच प्रकारचें, अपयशें नाना, व त्यांस निरनिराळे आंकडे हवेत. १९८७ सालच्या पर्लमध्यें ० खोटें, अक्षररूप '०' हेंही खोटें. मात्र अक्षरांत '०.०' लिहिलें कीं तें खरें. रूबींत ० खरेंच. पायथन १९९१ सालीं आली तेव्हां खऱ्याखोट्याची निराळी जातच तिच्यांत नव्हती. १ आणि ० यांवर भागत असे. तिचे कर्ते गीडो व्हान रोसम यांनीं २००२ सालीं प्रस्ताव मांडला, आणि २००३ च्या आवृत्तींत 'ट्रू' व 'फॉल्स' यांची स्वतंत्र जात पक्की झाली.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. समजा, भोसरीच्या एखाद्या कारखान्यांत पाळी संपतांना सदोष नगांची संख्या शून्य आली. याहून चांगली बातमी ती कोणती? पण स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानें 'संख्या असेल तर नोंदवा' एवढेंच लिहिलें असेल, तर पायथन शून्यास खोटें धरून ती पाळी वगळते. मोजणारें यंत्र बंद पडलें असेल तर तीही पाळी वगळली जाते. बिनचूक काम आणि बिघडलेलें यंत्र, दोघांची एकच गत! म्हणून त्या भाषेंत 'नन्' हें तिसरें चिन्ह आहे. त्याचा अर्थ 'उत्तरच आलें नाहीं' असा, आणि तें नांव घेऊनच विचारावें लागतें. दुसरा खड्डा याहून फसवा आहे. दाराकडून 'फॉल्स' हा शब्द नुसत्या अक्षरांत आला, तर पायथन त्याचा अर्थ वाचीत नाहीं. अक्षरें आहेत एवढेंच पाहते आणि 'खरें' म्हणते. उघडें दार मिटलेलें ठरतें.

जुन्या स्क्रिप्ट मोडूं नयेत म्हणून व्हान रोसम यांनीं 'ट्रू'चें मोल १ व 'फॉल्स'चें ० असें कायम ठेवलें. सत्याची बेरीज कशी करावी, असा आक्षेप त्यावर घेतां येईल, आणि तो खोटा नाहीं. पण तपासणीच्या टेबलावर ही सोय मोठी कामाची आहे. शंभर नग तपासले व प्रत्येकापुढें 'ट्रू' किंवा 'फॉल्स' पडलें, तर त्या साऱ्यांची नुसती बेरीज केली कीं उत्तीर्ण नगांचा आंकडा हातीं येतो.